लोणचं, कोकम, चटणी, कुंदा: टिकवायला पावडर किती टाकायची?

ताई, तुमचा प्रश्न आधी परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. खानापूर भागातला तुमचा स्त्रीशक्ती संघ, कैरीचं लोणचं, कोकम सिरप, शेंगा चटणी करताय आणि आता कुंदा करून बेळगावातल्या दुकानांत द्यायचा विचार आहे. गेल्या पावसाळ्यात लोणच्यावर बुरशी धरली, कोकमच्या बाटल्यांची झाकणं उडाली. एक दुकानदार म्हणालाय प्रिझर्व्हेटिव्हची पावडर टाकल्याशिवाय माल ठेवून घेणार नाही, आणि घरातली पोरं मोबाईल दाखवून म्हणतात त्यानं कॅन्सर होतोय. तर तुम्ही विचारालाय की किलोला किती चमचे टाकायची.

सरळ सांगतो. कोकमला पावडरीचा उपयोग आहे. लोणच्याला नीट केलं तर लागत नाही. शेंगा चटणीला टाकून काही फरक पडत नाही आणि कुंद्याला तर अजिबातच नाही, नुसते पैसे वाया. आणि चमच्यानं मोजून तर कशातच टाकायची नाही, त्याचं पुढं सांगतो.

असं का, तर चारही पदार्थ वेगवेगळ्या कारणानं बिघडतात. लोणच्यावर बुरशी आली, कोकमच्या बाटलीत यीस्ट वाढलं आणि त्यानं गॅस केला, चटणी बिघडते ती हवेनं तेल खवट होऊन, तिथं जंतूचा संबंधच नसतो, आणि कुंदा बॅक्टेरियानं आणि बुरशीनं जातो. दुकानदार ज्याला 'पावडर' म्हणतो ती नव्वद टक्के वेळा सोडियम बेन्झोएट असते, आणि ती यातल्या काही जणांवरच चालते, ती पण ठराविक ठिकाणीच.

आपल्याच जिल्ह्यातली दोन गोडं घ्या. बेळगावचा कुंदा आणि गोकाकचा करदंट. एकाच दुकानात शेजारी शेजारी मांडलेली असतात, दोन्हीत कुणी पावडर टाकत नाही, तरी करदंट महिनाभर आरामात राहतो आणि कुंदा बाहेर ठेवला तर दोन-चार दिवसांत वास मारायला लागतो. करदंटात गूळ पक्का पाकाला आणलेला असतो, डिंक तळलेला, सुकं खोबरं, काजू, बदाम, सगळं कोरडं, वरनं तूप. त्यात जे थोडं पाणी उरतंय ते गुळानं धरून ठेवलेलं असतं, जंतूला ते पिता येत नाही. कुंद्यात खवा आहे, साखर आहे, पण ओल पण भरपूर आहे आणि ती बरीचशी मोकळी आहे. आमच्या धंद्यात याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात. पदार्थात पाणी किती टक्के आहे ते नव्हे, त्यातलं मोकळं किती, याचा आकडा, शून्य ते एक. शुद्ध पाणी म्हणजे १. बहुतेक बॅक्टेरियांना ०.९१ च्या वर लागतंय, विष तयार करणारा स्टॅफिलोकोकस मात्र हवा असेल तर ०.८६ पर्यंत तग धरतो, बुरशी आणखी खाली साधारण ०.७० पर्यंत येते, आणि ०.६० च्या खाली कुणीच वाढत नाही. आपल्याकडची कडक भाकरी महिनोन् महिने राहते ती याच हिशोबानं, भाजून वाळवून पाणीच काढून टाकलेलं असतंय. मिठाचं पाणी मीठ विरघळायचं थांबेपर्यंत दाट केलं तरी ते ०.७५ ला येऊन थांबतं. म्हणजे मीठ, साखर, गूळ, ऊन, तवा ही सगळी कामं एकच करतात, जंतूच्या वाटणीचं पाणी कमी करणं. आपल्या कायद्यातच मीठ, साखर, मसाले, व्हिनेगर, खाद्यतेल यांना पहिल्या वर्गातले प्रिझर्व्हेटिव्ह म्हटलेलं आहे आणि बेन्झोएट, सल्फाईट, सॉर्बेट वगैरे दुसऱ्या वर्गात. पहिल्या वर्गातलं पाहिजे तेवढं वापरता येतं, दुसऱ्या वर्गातलं मोजून, आणि साधारणपणे एका पदार्थात एकच.

पाण्यानंतर आंबटपणा. हे नीट वाचा कारण इथं चुकलं तर नुसता माल परत येत नाही, माणूस दवाखान्यात जातो. पीएच हा आकडा जितका कमी तितकं आंबट. ४.६ ही रेघ लक्षात ठेवा. त्याच्या खाली क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू वाढत नाही, त्याच्या वर वाढू शकतो, आणि त्याला हवा नको असते, म्हणजे तेलाखाली किंवा घट्ट झाकणाखाली तो खूश. त्याचं विष मज्जातंतूंवर जातं, डोळ्यासमोर दोन दोन दिसायला लागतं, गिळता येत नाही, श्वास बंद होतो. बरणी उघडल्यावर वास येईलच असं नाही, चव पण बिघडलेली असेलच असं नाही. कैरी, कोकम, लिंबू, आवळा हे सगळे या रेघेच्या बऱ्याच खाली आहेत त्यामुळं आपल्या आज्या बिनधास्त होत्या. पण खानापूरच्या जंगलातनं येणारे बांबूचे कोंब, अळंबी, फणसाच्या आठळ्या, सोललेला लसूण, हिरवी मिरची, ही सगळी रेघेच्या वरची मंडळी. २००६ साली थायलंडच्या नान प्रांतात एका गावजेवणात घरी डबाबंद केलेले बांबूचे कोंब खाऊन दोनशेच्या वर लोक बोट्युलिझमनं आजारी पडले होते. उकळून भरले होते की, पण या जंतूचे बीजाणू साध्या उकळीनं मरत नाहीत, त्यांना दाबाखाली १२१ डिग्री लागते, आणि आपल्या बेळगावात तर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीमुळं पाणी साधारण साडेसत्त्याण्णव डिग्रीलाच उकळतंय.

तेव्हा संघातली कुणी म्हणाली की कोंबांचं किंवा लसणीचं लोणचं पण करूया, तर आधी ते व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात मुरवा, आंबटपणा फोडीच्या आत मधोमध पोचला पाहिजे. मग दोन-तीन दिवसांनी फोडी आणि पाणी एकत्र वाटून पीएच बघा, ४.६ नव्हे, ४ च्या आसपास किंवा खालीच ठेवा म्हणजे एखादी जाड फोड मागं राहिली तरी निभतं. पीएचच्या कागदी पट्ट्या लोणच्याच्या रंगात नीट वाचता येत नाहीत, हळदीनं सगळं पिवळंच दिसतंय, त्यापेक्षा खिशात मावणारा पीएच मीटर घ्या आणि सोबत मिळणाऱ्या बफरनं (ठराविक पीएचचं पाणी) दर वेळी जुळवून घ्या. संघानं पहिली खरेदी कुठली करायची विचाराल तर लेबल छापायच्या आधी हीच.

आता बेन्झोएट कुठं चालतंय ते बघा. सोडियम बेन्झोएट आंबटात पडलं की त्याचं बेन्झोइक ॲसिड होतं आणि तेच जंतूच्या आत शिरून काम करतं. आंबट नसेल तर ते बेन्झोएटच्याच रूपात राहतं, आत शिरतच नाही. पीएच ३ ला जवळजवळ ९४ टक्के कामाला लागतं, ४.२ ला निम्मं, आणि पीएच ७ च्या जवळ एक टक्का पण नाही. कुंद्याला आंबटपणा जवळजवळ नसतोच, मग तिथं टाकलेलं बेन्झोएट नुसतं बसून राहतंय. कुणी मिठाईवाला सांगत असेल की मी टाकतो आणि माझा कुंदा टिकतो, तर तो टिकतोय त्यानं जास्त आटवल्यामुळं किंवा फ्रिजमुळं. अंदाजपंचे टाकलेल्या पावडरीनं चवीला मागनं कडवट तुरटपणा येतो तो वेगळाच.

कोकम मात्र बेन्झोएटसाठी अगदी योग्य जागा. कोकमचा पीएच २ च्या आसपास असतो. तुमच्या बाटल्या उडाल्या त्याचं कारण मला असं वाटतंय की साखर कमी पडली. घरच्या पद्धतीत सालींच्या दुप्पट साखर थर देऊन लावतात आणि उन्हात ठेवतात, पण खानापुरात कोकम पिकेपर्यंत वळीव सुरू होतात, जूनमध्ये ऊन कुठलं, फळ पण पाणी धरलेलं असतं, मग पाक पातळ राहतो. पातळ पाकात यीस्ट मजेत वाढतं, साखर खाऊन गॅस आणि अल्कोहोल करतं, झाकण घट्ट असेल तर बाटलीच फुटते. याला साधं हत्यार आहे, हातातला रिफ्रॅक्टोमीटर. एक थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडं धरून बघायचं, ब्रिक्सचा, म्हणजे त्यात साखर साधारण किती टक्के आहे त्याचा, आकडा दिसतो. सिरप ६८ ला आणा. ६० ला थांबलात तर पावडर टाकून पण रिस्क आहे, आणि ६८ ला पण साखर सहन करणारी काही यीस्टं जगतातच, म्हणून साखर, आंबट, ताप आणि थोडं बेन्झोएट अशी सगळी मिळून अडवायची. एकट्या पावडरीवर भार टाकायचा नाही.

पद्धत अशी. सिरप गाळून ८० ते ८५ डिग्रीपर्यंत तापवा, उकळत ठेवू नका, रंग आणि वास जातो. तेवढ्याच गरम असताना स्वच्छ, गरम केलेल्या काचेच्या बाटलीत भरा, झाकण लावून दोन-तीन मिनिटं बाटली आडवी किंवा उलटी ठेवा म्हणजे झाकणाच्या आतली बाजू पण भाजून निघते, मग गार करा. साध्या पेट, म्हणजे प्लास्टिकच्या, बाटलीत एवढं गरम भरलं की ती आकसते, वाकडी होते, मग बायका सिरप गार करून भरतात आणि तिथंच यीस्ट परत शिरतंय. पेटमध्येच द्यायचं असेल तर बाटलीवाल्याला हॉट फिलची, गरम भरलेलं सोसणारी, बाटली आहे का म्हणून विचारा, मिळते पण महाग पडते.

मोजमाप. सरबत, सिरप, स्क्वॅशसारख्या पाणी घालून प्यायच्या मालाला आपल्याकडं बेन्झोइक ॲसिड ६०० पीपीएम पर्यंत अशी मर्यादा वर्षानुवर्षं चालत आलीय (तक्ते अधूनमधून बदलतात, माल बाजारात काढायच्या आधी एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या साईटवर तुमच्या पदार्थाची ओळ एकदा बघून घ्या). ६०० पीपीएम म्हणजे किलोला ६०० मिलीग्राम. पण ते बेन्झोइक ॲसिडचं माप आहे, आणि पावडर असते सोडियम बेन्झोएट, एक ग्रॅम पावडरीतनं साधारण ०.८५ ग्रॅम ॲसिड मिळतं. म्हणजे किलो सिरपला जास्तीत जास्त ०.७ ग्रॅम पावडर, दहा किलोला ७ ग्रॅम. तुमचा चहाचा चमचा सपाट भरला तरी चार-पाच ग्रॅम होतो, किलोला एक चमचा टाकला तर मर्यादेच्या सहापट गेलं! म्हणून चमचा नको म्हटलं. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, सोनारकामाला वापरतात तसला. आणि पावडर थेट कोकमात टाकू नका, आंबटात पडल्या पडल्या बेन्झोइक ॲसिडचे पांढरे कण होऊन बसतात, ते नीट विरघळत नाहीत, मग एका बाटलीत भरपूर आणि दुसरीत काहीच नाही. वाटीभर कोमट पाण्यात आधी पूर्ण विरघळवा, सिरप चुलीवरनं उतरवल्यावर बारीक धार धरून ढवळत ढवळत घाला. फूड ग्रेडचीच घ्या, सीलबंद, बॅच नंबर असलेली. रविवार पेठेत काय किंवा आणखी कुठं काय, सुट्टी पुडीत बांधून मिळालेली पांढरी पावडर घेऊ नका, ती कशाची आहे कुणाला माहीत.

दुसरी पावडर तुम्हाला दाखवतील ती पोटॅशियम मेटाबायसल्फाईट, केएमएस म्हणतात, गंधकासारखा नाकात झोंबणारा वास. लिंबू, आवळा, कैरीच्या सरबताला ती चांगली, रंग काळा पडू देत नाही. पण कोकम, जांभूळ, करवंद यांचा लाल-जांभळा रंग ती उडवते. दोन दिवसांत सिरप फिकट दिसायला लागतं आणि मग कुणीतरी म्हणतं रंग टाकूया, म्हणजे एका चुकीवर दुसरी. तर जांभळ्याला बेन्झोएट, पिवळ्या-हिरव्याला केएमएस. आणखी एक, आवळ्यासारख्या व्हिटॅमिन सी भरपूर असलेल्या मालात बेन्झोएट टाळलेलं बरं, दोन्ही एकत्र आले आणि उष्णता-ऊन लागलं की अगदी बारीक प्रमाणात बेन्झीन तयार होऊ शकतं, कोल्ड्रिंकवाल्यांना १९९० च्या सुमारास हे लक्षात आलं आणि त्यांनी फॉर्म्युले बदलले. तुमच्या पोरांनी मोबाईलवर जे बघितलं ते बहुतेक याचंच फुगवलेलं रूप असणार.

मग विषारी आहे का नाही. बेन्झोइक ॲसिडची रोज आयुष्यभर खाल्लं तरी चालेल अशी मर्यादा, सगळ्यात कडक धरली तरी, वजनाच्या किलोमागं ५ मिलीग्राम आहे. पन्नास किलोच्या बाईला दिवसाला २५० मिलीग्राम. तुमच्या सिरपचा एक ग्लास करायला ५० ग्रॅम सिरप घेतलं तर त्यात जास्तीत जास्त ३० मिलीग्राम. दालचिनीत बेन्झोइक ॲसिड आपोआप असतं, दह्यात पण थोडं तयार होतं. म्हणजे मोजून टाकलेलं घाबरायसारखं नाही. पण लहान पोराचं वजन १२ किलो, त्याची मर्यादा ६० मिलीग्राम, आणि त्यानं दिवसात सरबत, सॉस, जॅम, कोल्ड्रिंक सगळं घेतलं आणि त्यातल्या दोघा-तिघांनी चमच्यानं टाकलेलं असेल तर मर्यादा गेलीच की. केएमएसचं वेगळं, दमा असलेल्या काही जणांना त्यातला सल्फर डायऑक्साईड खरंच त्रास देतो, म्हणून किलोला १० मिलीग्राम किंवा जास्त सल्फाईट असेल तर लेबलवर ॲलर्जीच्या यादीत लिहावं लागतंय.

आणि लेबलवर अशा टाकलेल्या पदार्थांचे असतात ते आयएनएस नंबर, युरोपात ई लावून लिहितात तेच. त्यात डुकराची चरबी आहे वगैरे मेसेज फिरतात, ते सोडून द्या. २११ म्हणजे सोडियम बेन्झोएट, २०२ पोटॅशियम सॉर्बेट, २२४ केएमएस, ३३० म्हणजे लिंबूफूल, आणि ३०० म्हणजे साधं व्हिटॅमिन सी. नंबर आहे म्हणून वाईट आणि नंबर नाही म्हणून चांगलं असं काही नसतंय. मला विचाराल तर नंबरवाल्या मालापेक्षा बिननंबरी सुट्ट्या मालाची जास्त काळजी वाटते. आपल्याकडचा गूळच बघा, पिवळाधमक दिसावा म्हणून काही गुऱ्हाळांवर हायड्रॉस नावाची रंग उजळवणारी रासायनिक पावडर मारतात, त्यातनं पण सल्फर डायऑक्साईडच उरतो, मर्यादा ७० पीपीएम आहे पण भेलीवर लेबल कुठलं आणि मोजतो कोण. संघानं चिक्की-लाडवाला गूळ घेताना काळपट, तांबूस घ्यावा, तोच खरा.

लोणच्याकडं येऊ. तुमच्या कैरीच्या लोणच्याला आंबटपणा आहे, मीठ आहे, मोहरीची डाळ आहे, तिचा झणका पण जंतूंना नको असतो, मग बुरशी का आली. बुरशीला हवा लागते, ती कायम वरच्या थरावर, तेलाच्या वर डोकावणाऱ्या फोडीवर धरते. तेल काही जंतू मारत नाही, ते फक्त हवा अडवतंय, म्हणून तेल फोडींच्या वर बोटाच्या पेराएवढं तरी उभं राहिलं पाहिजे. घरच्या बरणीत ते राहतं. दुकानासाठी भरताना खर्च वाचवायला तेल हात राखून घालतात आणि फोडी वर येतात. दुसरं म्हणजे मीठ. हल्ली 'कमी मिठाचं द्या' म्हणून गिऱ्हाईक मागतंय आणि बायका मीठ कमी करतात. फोडींच्या किलोला १५० ते २०० ग्रॅम मीठ ही जुनी माणसं घालत होती त्यात चवीपेक्षा टिकवायचा हिशोब जास्त होता. मीठ-हळद लावून दोन दिवस ठेवा, सुटलेलं पाणी काढा (ते फेकू नका, मिरचीच्या लोणच्याला आंबटासाठी चालतं), फोडी सावलीत सुकवा, मसाला आणि मीठ पण कोरडं भाजून पूर्ण गार करून मगच मिसळा. गरम फोडणी ओतून लगेच झाकण लावलं तर आतनं वाफेचे थेंब धरतात, ते थेंब वरच्या फोडीवर पडतात आणि तेवढ्या जागेपुरतं मीठ पातळ होतं, बुरशीला तेवढी जागा बास. खानापुरात जुलैमध्ये हवाच एवढी ओली असते की भरायचं काम शक्यतो मे अखेरपर्यंत संपवावं.

मुद्दाम कमी मिठाचंच करायचं असेल तर मग व्हिनेगर वाढवा किंवा बेन्झोएट घ्या, पण ते पाण्यात विरघळणारं आहे, तेलात नाही. तेल ओतल्यावर वरनं भुरभुरलं तर तळाला जाऊन बसतं. तेल घालायच्या आधी फोडींना चोळायचं, मोजून, आणि मग लेबलवर लिहायचं. बुरशी आलेला माल वरनं काढून टाकून परत भरू नका, तंतू खालपर्यंत गेलेले असतात आणि बुरशीनं आंबट खाल्लेलं असतं, म्हणजे पीएच वर सरकलेला असतो, आता ती ४.६ ची रेघ परत आठवा.

शेंगा चटणीचं थोडक्यात. कोरडी आहे, जंतूचं काम नाही, खवटपणा हाच शत्रू. शेंगदाणे भाजून पूर्ण गार करून कुटा, एकदम मोठा लॉट करून ठेवू नका, पातळ पारदर्शक पिशवी सोडा आणि आतनं चंदेरी असलेलं जाड लॅमिनेटचं पाऊच घ्या, उजेड आणि हवा दोन्ही अडतात. चिप्सच्या पाकिटात नायट्रोजन भरतात तो याचसाठी, तुम्हाला एवढ्यात परवडणार नाही. जवसाची चटणी पण करत असाल तर ती सगळ्यात लवकर खवट होते, तिला शेंगा चटणीएवढी तारीख देऊ नका. कारळ्याची या दोघींच्या मध्ये. आणि शेंगदाणे, मिरची घेताना बुरसट, भिजून वाळलेला माल स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, त्या बुरशीचं अफलाटॉक्सिन नावाचं विष भाजून पण जात नाही. ब्याडगी मिरचीत ओल ११ टक्क्यांच्या आत पाहिजे, मूठ आवळली की कुरकुरली पाहिजे, चामड्यासारखी वाकली की परत करा.

कुंद्याचं मात्र मी तुम्हाला एवढ्यात नको म्हणेन. कढईत तो चांगला तापलेला असतो, त्या वेळी त्यात फारसं कुणी जिवंत नसतं, जे येतंय ते नंतर हातातनं, थाळीतनं, डब्यातनं. हाताच्या जखमेतनं, नाकातनं स्टॅफिलोकोकस जातो, त्याचं विष एकदा झालं की परत गरम करून पण जात नाही, आणि कुंदा तर गिऱ्हाईक थेट खातो. करायचाच असेल तर आधी ऑर्डर घेऊन, हातमोजे, उकळलेले डाव, पसरट थाळीत लवकर गार, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात, पुढं फ्रिज टू फ्रिज. खानापूर ते बेळगाव एसटीच्या टपावरनं नव्हे. सुट्ट्या मिठाईच्या ट्रेवर पण किती तारखेपर्यंत चांगली ते लावायचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आला, म्हणजे दुकानदार तारीख तुम्हालाच विचारणार, आणि ती तुम्ही स्वतः माल ठेवून बघून ठरवलेली पाहिजे. त्यापेक्षा करवंदाचा जॅम करा. करवंदात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट धरणारा फळातला पदार्थ, भरपूर असतं, विकतचं घालायला लागत नाही. पुस्तकात १०५ डिग्रीला उतरवा लिहिलेलं असतं ते समुद्रकाठचं, आपल्याकडं १०२-१०३ लाच जॅम होतो, १०५ पर्यंत नेला तर चिक्की होते. रिफ्रॅक्टोमीटर आहेच, ६८ ला उतरवा. जॅम म्हणून विकायला कमीत कमी ६५ आणि फळ ४५ टक्के लागतंय.

प्रत्येक लॉटच्या दोन-तीन बाटल्या तारीख टाकून घरात कपाटात ठेवत जा, एखादी उन्हाच्या खिडकीत पण ठेवा. दुकानातनं तक्रार यायच्या आधी ती खिडकीतली बाटली सांगते. ट्रेनिंग पाहिजे तर धारवाडच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा, आणि म्हैसूरची सीएफटीआरआय ही अन्न तंत्रज्ञानाची सरकारी संशोधन संस्था तर १९५० पासून हेच काम करतेय, त्यांचे छोटे कोर्स असतात.

लेबलचं शेवटी. एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन काढलं की १४ आकडी नंबर मिळतो, तो छापायचा. मजकूर इंग्रजी किंवा हिंदीत असावाच लागतो, त्याच्या जोडीला मराठी, कन्नड दोन्ही छापा, गिऱ्हाईक दोन्ही आहे आणि नियमात आडकाठी नाही. कोकमवर 'प्रिझर्व्हेटिव्ह (आयएनएस २११)' लिहायचं, लोणच्यात टाकलं नसेल तर तिथं लिहायचं नाही. दुकानदाराला रिफ्रॅक्टोमीटर आणि पीएचची वही दाखवा, लॉटवार आकडे लिहिलेली, आणि म्हणा लोणचं बिनपावडरीचंच देणार, पहिले दोन लॉट बिघडले तर बदलून देऊ. तो तरी नाही म्हणाला तर खडे बाजारात दुकानं कमी नाहीत.